कापसाचा बोळा

नवजात बाळांच्या वॉर्डात तेहतीस वर्षं काढलेल्या त्या बाईला सगळे मावशी म्हणायचे. डॉक्टर म्हणायचे, नर्सा म्हणायच्या, आणि ज्यांची बाळं काचेच्या पेटीत असायची ते आईबाप तर दारात उभं राहून अशा आवाजात मावशी म्हणायचे, की पेटीची किल्ली जशी हिच्याच कमरेला आहे. ती नर्स नव्हती. शाळा सातवीपर्यंत. दुपटी धुणं, बाटल्या उकळणं, फरशी पुसणं, गरम पाणी तयार ठेवणं, आणि एखादं बाळ गेलंच तर त्याला पुसून, पांढऱ्या कापडात गुंडाळून घरच्यांच्या हातात देणं, हे तिचं काम. यातलं शेवटचं काम कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं. पण ती वेळ आली की बाकीच्यांना नेमकी दुसरी कामं आठवायची.

मावशीची ख्याती होती ती एकाच गोष्टीसाठी. ती खोटं बोलायची नाही. चांगली गोष्ट आहे, असं तुम्ही म्हणाल. तिच्याबरोबर आठ तासांची एक पाळी करून बघा आणि मग म्हणा. एका बाळंतिणीने कौतुकाने विचारलं, "मावशी, माझं बाळ दिसायला गोड आहे ना?" मावशीने पेटीवर वाकून नीट निरखून बघितलं आणि म्हणाली, "गोड नाही. पण वजन वाढतंय." तपासणीला वरून साहेब आले, त्यांनी विचारलं, दुपटी रोज उकळता ना? सगळा वॉर्ड माना हलवत असताना ही म्हणाली, "काल नाही उकळली. गॅस संपला होता." हेड नर्स आठ दिवस तिच्याशी बोलली नाही. पण याच स्वभावामुळे आईबाप डॉक्टरांना विचारून झालं की हळूच हिच्याकडे यायचे. मावशी "जगेल" म्हणाली की माणसं घरी जाऊन झोपायची. मावशी काहीच बोलली नाही, नुसता पाठीवरून हात फिरवला, की भिंतीला टेकून खाली बसायची.

आता थोडं चर्चांबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गाव चढावर होतं आणि त्या चढावर तीन चर्च होती. त्यांना मोठमोठी नावं होती, पण लोक वरचं, मधलं आणि खालचं एवढंच म्हणायचे. वरचं सगळ्यात जुनं. मेणबत्त्या, घंटा, फादर, आणि मागे भलं मोठं कब्रस्तान. मधल्या चर्चला पाळकसाहेब होते, आणि त्यांचे उपदेश इतके लांब की घरी ठेवलेलं जेवण गार व्हायचं. खालचं चर्च साधं, पत्र्याच्या छपराचं. तिथे पुढच्या लाकडी फळ्या उचलल्या की खाली सिमेंटचा हौद. जाणत्या माणसाने स्वतः विश्वास धरून यायचं आणि त्या हौदात अख्खं बुडून वर यायचं, तोच बाप्तिस्मा. लहान मुलांना ते बाप्तिस्मा देतच नसत. खालचे जुने पास्टर म्हणायचे, "चार थेंबांनी बाप्तिस्मा होत असेल, तर पहिल्या पावसात माझी म्हैससुद्धा ख्रिस्ती झाली!" हा विनोद वर पोचला तेव्हा वरच्यांनी तीन वर्षं खालच्यांच्या मयतीला जाणं सोडलं होतं. दहा मिनिटांच्या चालीत तिन्ही चर्च, देव एक, पुस्तक एक, आणि शंभर वर्षांत एकमेकांचा उंबरा ओलांडलेला नाही. माणसं भांडायची म्हटली की किती बारीक गोष्टीवर भांडतात, बघा.

मावशी खालच्या चर्चची. सतराव्या वर्षी, कडाक्याच्या थंडीत त्या हौदात बुडाली, तीन दिवस तापाने फणफणली आणि त्याचा तिला जन्मभर अभिमान.

आणि याच मावशीच्या हातून वरच्यांच्या आणि मधल्यांच्या बाळांचे बाप्तिस्मे झाले. एक नाही, दोन नाही, एकेचाळीस.

त्याचं असं झालं. वॉर्डात एक म्हातारी नर्स होती, वरच्या चर्चची. बाळ हाताला लागत नाही असं दिसलं, आई रडून सांगू लागली, आणि फादर किंवा पाळक वेळेवर येण्यासारखे नसले, की ही नर्स स्टीलच्या छोट्या पेल्यातून बाळाच्या डोक्यावर पाणी ओतायची आणि पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा द्यायची. निवृत्त व्हायच्या आदल्या दिवशी तिने मावशीला लिननच्या खोलीत ओढलं. "माझ्यामागे तू करायचंस. अडीअडचणीला कुणीही दिलेला चालतो आमच्यात. पाणी हवं, शब्द हवेत."

"अहो, पण मी खालची."

"बाळाला काय कळतंय वरचं आणि खालचं!" म्हातारी म्हणाली आणि आपली वही तिच्या हातात देऊन मोकळी झाली. त्या वहीत तारीख, आईबापांची नावं, बाळाचं नाव, असे बारा बाप्तिस्मे लिहिलेले होते.

मावशीने पहिला बाप्तिस्मा दिला तो अगदी तसाच, पेल्याने. सव्वा किलोचा मुलगा होता. पाणी डोक्यावर पडलं तसं ते एवढंसं अंग दचकलं, हातपाय ताठ झाले, ओठ निळे पडले, आणि पाच-सात मिनिटांत सगळं संपलं. डॉक्टर म्हणाले, मावशी, तो जाणारच होता. जाणारच होता हे तिलाही ठाऊक होतं. पण ते दचकणं तिच्या हाताला चिकटलं ते चिकटलंच. घरी येऊन तिने हात धुतले, पुन्हा धुतले, आणि जेवण न करता बसून राहिली.

त्यानंतर तिने पेला वापरला नाही. ती पाणी कोमट करायची, कोपराला लावून बघायची, कापसाचा बोळा त्यात भिजवून घट्ट पिळायची आणि बाळाच्या कपाळावरून तीनदा फिरवायची. शब्द सगळे बरोबर. फक्त थेंब गळू द्यायची नाही. मनात तिचा विचार सरळ होता. आपल्या मते पेला ओतला तरी तो बाप्तिस्मा नाही आणि बोळा फिरवला तरी नाही. मग पोराला कशाला गारठवायचं? आईच्या जिवाला शांतता मिळते ना, झालं तर मग. वहीत ती नावं लिहीत गेली. कसा दिला हे कुणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही, आणि यात खोटं काही आहे असं तिला कधी वाटलं नाही.

यातलं तिसरं बाळ तिच्या धाकट्या बहिणीचं होतं.

धाकटी तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. आई लवकर गेली, तेव्हा हिनेच तिला वाढवलं, वेण्या घातल्या, धपाटेही घातले. धाकटीने वरच्या चर्चच्या एका सुताराशी लग्न केलं. खालच्यांनी तिचं नाव मंडळीतून काढलं. मावशी लग्नाला गेली, पण आत न बसता दाराशी उभी राहिली, कारण आत बसले नव्हते असं तिला दुसऱ्या दिवशी खरं सांगता यायला हवं होतं. मावशीने लग्न केलं नाही. दोघी बहिणी रोज भेटत, एकमेकींच्या ताटात जेवत. फक्त प्रभुभोजनाला एका बाकावर कधी बसल्या नाहीत.

लग्नानंतर सात वर्षांनी धाकटीला दिवस राहिले आणि सातव्या महिन्यातच तिला दवाखान्यात हलवावं लागलं. ऑपरेशन झालं. मुलगी. नऊशे ग्रॅम. धाकटी गुंगीत, आणि दुपारी अडीचला डॉक्टरांनी मान हलवली. फादर दुसऱ्या गावी मयतीला गेलेले. धाकटीची सासू काचेपलीकडून हात जोडत म्हणाली, "तुम्हीच द्या हो. नाहीतर माझी नात मागच्या भिंतीशी जाईल." वरच्यांच्या कब्रस्तानात तेव्हा बाप्तिस्म्याविना गेलेली बाळं मागच्या भिंतीशी पुरत. दगड नाही, नाव नाही, नुसतं गवत.

मावशीने पाणी कोमट केलं. बोळा पिळला. नाव दोघींच्या आईचं ठेवायचं ठरलंच होतं. ते नाव घेऊन तिने कपाळावरून तीनदा बोळा फिरवला. मग पाऊण तास ती पेटीशी वाकून उभी होती. एकदा तरी डोळे उघडेल, असं तिला वाटत होतं. शेकडो बाळं बघितलेली बाई, पण त्या दिवशी वेड्यासारखी वाट बघत होती. पोरीने डोळे उघडलेच नाहीत. पावणेचारला ती गेली. धाकटी शुद्धीवर आली तोवर मावशीने तिला गुंडाळलंही होतं, आणि सासूने ते गाठोडं सुनेला दाखवू दिलं नाही. ओली बाळंतीण आहे, जिवाला लावून घेईल, म्हणाली.

मुलगी घराण्याच्या रांगेत पुरली, एवढं मावशीच्या शब्दावर झालं. पण तेव्हाचे म्हातारे फादर बाप्तिस्म्याच्या वहीत तिचं नाव लिहायला तयार होईनात. "खालच्या हाताने झालेला बाप्तिस्मा आमच्या वहीत चढत नाही." आणि तिथला नियम असा, की वहीत नाव नाही तर दगडावरही नाव नाही. पुढे सासू गेली, तीन वर्षांपूर्वी नवराही गेला. दोघांची नावं एका दगडावर आली. त्या दोन नावांच्या मधे धाकटीने वीतभर जागा कोरी ठेवायला लावली होती. पाथरवट म्हणाला, बाई, हे वाईट दिसतं. ती म्हणाली, दिसू दे.

सव्वीस वर्षं त्या पोरीचं नाव कुठेच नव्हतं.

आणि मग एका पावसाळी वादळात मधल्या चर्चचं छप्पर उडालं, आणि शंभर वर्षांत जे झालं नाही ते झालं. वरच्या चर्चला आता तरुण फादर आले होते. त्यांनी पाळकसाहेबांना निरोप धाडला, आमचा हॉल वापरा. मधले आठ महिने वरच्यांच्या हॉलमध्ये प्रार्थना करत होते. खालचे पास्टर आपली माणसं घेऊन छपराच्या कामाला आले. एकत्र तुळया उचलताना माणसं बोलायला लागतात. मग जेवणं झाली, मग बैठका झाल्या, मग वादही झाले, आणि दोन वर्षांनी एक करार झाला. एका चर्चमध्ये नीट झालेला बाप्तिस्मा बाकीच्या दोघांनी मानायचा, कुणी कुणाला पुन्हा द्यायचा नाही. नीट म्हणजे काय, यावर पाच महिने गेले. शेवटी खालच्या पास्टरांनी मन मोठं केलं. पाणी अंगावर वाहिलं पाहिजे, मग बुडवून असो की ओतून असो, आणि मोठेपणी त्या माणसाने तोंडाने विश्वास सांगावा, एवढ्यावर ते आले. त्या दिवशी तरुण फादरांनी त्यांना मिठी मारली म्हणतात. तिघांची मिळून एक सामायिक वही करायचं ठरलं. आणि त्या वहीत पहिली नावं कुणाची? तर जी कुणाच्याच वहीत नव्हती त्यांची. दवाखान्यातल्या बाळांची. एकत्र उपासनेत ती त्रेपन्न नावं मोठ्याने वाचायची.

बातमी घेऊन धाकटी धावतच आली. पन्नाशी उलटलेली बाई, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून आली. "ताई, पाथरवटाला सांगून आले! मोजमापसुद्धा घेऊन गेला तो. ताई, आता तुझी फक्त एक सही."

मावशीला निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. बहिणीचा चेहरा बघून ती हसली. तिच्या मनात काहीच आलं नाही. खरंच आलं नाही.

रविवारी दुपारी तिघे तिच्या खोलीवर आले. खुर्च्या दोन, खाट एक, स्टूल एक. तू बस, नाही तुम्ही बसा, यात पाच मिनिटं गेली. शेवटी फादर स्टुलावर, पाळकसाहेब आणि पास्टर खुर्च्यांवर, मावशी खाटेवर. धाकटी ओट्याशी चहा टाकत होती. फादर म्हणाले, "मावशी, आम्ही एकीच्या गप्पा आत्ता मारतोय. तुम्ही तेव्हाच करून बसलात. खालच्या चर्चची बाई, वरच्यांच्या लेकरांना... उपासनेत आम्ही तुम्हाला पुढे बसवणार आहोत."

"पुढे नको. मला पंख्याखाली बसवा," मावशी म्हणाली. तिघे हसले. धाकटी तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

पाळकसाहेबांनी छापील कागद काढला आणि म्हाताऱ्या नर्सची वही उघडली. त्यांना नेटकं काम आवडायचं. तारखा जुळल्या, नावं जुळली. शब्द कोणते म्हटले? मावशीने म्हणून दाखवले. पास्टरांनी मान डोलावली.

"आता पाणी. बुडवून, ओतून, की इतर," पाळकसाहेब पेन सरसावत म्हणाले. "बुडवून तर शक्यच नाही. सगळ्यांना ओतूनच लिहितो, काय मावशी?"

नुसती मान हलवायची होती. एवढंच. तोंड उघडायचीसुद्धा गरज नव्हती.

"ओतून नाही," मावशी म्हणाली. "पहिल्याला ओतलं होतं. बाकीच्यांना नाही."

"म्हणजे?"

"कापसाचा बोळा भिजवून पुसायची कपाळावरून."

पेन थांबलं. पास्टर आणि पाळक एकमेकांकडे बघायला लागले. फादर पुढे सरकले, आणि चांगला माणूस होता बिचारा, त्यानेच तिला वाट करून दिली. "पण मावशी, बोळा ओला असणार. दोन थेंब ओघळलेच असतील ना कपाळावरून? नीट आठवून बघा."

ओट्याशी पाठमोरी उभी असलेली धाकटी वळली. हातात चमचा तसाच. तिचे डोळे मावशीवर असे रुतले होते, की आंधळ्यालाही कळावं ती काय मागतेय. हो म्हण. ताई, हो म्हण.

 मावशीने पदराने तोंड पुसलं. तिला तो पहिला मुलगा आठवला, ते दचकणं आठवलं.

"नाही," ती म्हणाली. "पिळून घेत होते मी. ओघळू कसं देईन? पोरं गारठली असती."

 मग फादरांनी खाली बघत विचारलं, "आणि ते करताना तुमच्या मनात काय होतं? बाप्तिस्माच देतोय असं?"

"आईला शांत वाटावं एवढंच होतं. आमच्यात लहान पोरांचा धरत नाहीत, फादर. तुम्हाला माहीत आहे."

चहा उतू गेला. धाकटीने गॅस बंद केला, चमचा ओट्यावर ठेवला, पिशवी उचलली आणि ती निघून गेली. दार लोटलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी तिच्या घरी गेली. धाकटीने दार हातभर उघडलं आणि त्या फटीत उभी राहिली.

"सासूबाईंनी तुझ्या भरवशावर डोळे मिटले," ती म्हणाली. "ह्यांनीही मिटले. जन्मात एकदा. एकदा खोटं बोलली असतीस तर तुझं काय झडलं असतं गं?"

 "मला वाटलं नाही, इतकं..." एवढंच मावशी बोलली.

"तुला वाटलं नाही! माझ्या पोरीचा बाप्तिस्मा तू खेळातला समजून केलास. आणि वर खरेपणा मिरवतेस." दार बंद झालं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. तिन्ही चर्चच्या इतिहासात तिघांची सही असलेला तो पहिला कागद. शंभर वर्षं ज्यांचं घंटेच्या वेळेवरही जमलं नाही, त्यांचं या गोष्टीवर एकमत झालं. वरचे म्हणाले, पाणी वाहिलं नाही. मधले म्हणाले, नियम आत्ताच केला आणि आत्ताच मोडला तर कराराला अर्थ काय. खालचे म्हणाले, आमच्या मते तर तो कधी नव्हताच, पण तुमच्यासाठी आम्ही इतकं पुढे आलो, आता तुम्ही मागे सरू नका. कुणी दुष्ट नव्हतं हो त्यात. तिघेही एकी जपत होते, आणि चाळीस बाळं आड येत होती. 'सदर बालके देवाच्या दयेच्या हवाली आहेत,' असं पत्रात शेवटी होतं. ही ओळ फादरांची असणार. तेरा नावं वहीत चढणार होती. म्हातारीची बारा, आणि मावशीचं एक.

ते एक कोणतं, हे वाचून मावशी पत्र हातात धरून तशीच बसून राहिली. तिच्या हाताखाली दचकून, निळा पडून गेलेला तो पहिला मुलगा. तेहतीस वर्षांच्या नोकरीत ज्याच्या बाबतीत आपण चुकलो असं तिला वाटत होतं, तेवढंच एक तिन्ही चर्चनी बरोबर ठरवलं होतं.

चार महिने धाकटी आली नाही. वाटेत दिसली की रस्ता ओलांडायची. मावशीला बोलायला दुसरं माणूस नव्हतं. खालच्या चर्चमध्ये दोघीतिघी म्हणाल्या, मावशी, खरं बोललात, देव बघतो. त्यांना ती नीट उत्तरही देत नसे. घरात दोन कप घासून पालथे घालायची सवय होती, ती काही दिवस तशीच चालू राहिली.

एकत्र उपासना वरच्या चर्चमध्ये झाली. गाव लोटलं होतं. तिन्ही चर्चच्या लोकांनी एका सुरात गायलं, आणि खरं सांगायचं तर छान गायलं. म्हातारी माणसं रडली. मावशी शेवटच्या बाकावर बसली. तिला पुढे बसवायचा विषय कुणी काढला नाही. तेरा नावं वाचून झाली. शेवटचं नाव त्या मुलाचं. त्याचा बाप, आता म्हातारा झालेला, बाकावरून उठला, आणि गर्दीत वळून मावशीला शोधून त्याने तिला हात जोडले. मावशीने मान खाली घातली.

बाहेर अंगणात चहा आणि केक होता. "तिघांचा फोटो, तिघांचा फोटो!" असं कुणी ओरडत होतं. मावशी मागच्या बाजूने कब्रस्तानात शिरली. धाकटी तिथेच होती, दगडापुढे. सासूचं नाव, नवऱ्याचं नाव आणि मधली वीतभर कोरी जागा. मावशी दहा पावलांवर थांबली. पुढे जायची हिंमत होईना.

धाकटी मागे न बघताच म्हणाली, "ताई, मला ती दाखवली नव्हती."

"हो."

"तुझ्याशिवाय कुणी नीट बघितलीच नाही तिला. आता विचारायला दुसरं कोण उरलंय?"  मग एकदम म्हणाली, "डोळे उघडले होते का गं तिने?"

अंगणातून हसण्याचा आवाज आला. फोटो निघाला असावा. मावशीने दगडाकडे बघितलं, मग बहिणीच्या पाठीकडे. लहानपणी वेण्या घालताना दिसायची तीच पाठ, आता वाकलेली.

"उघडले होते," मावशी म्हणाली.

धाकटी वळली. "कधी?"

"कपाळ पुसलं तेव्हा. कोमट लागलं ना तिला. उघडले आणि बघत राहिली माझ्याकडे. चांगलं मिनिटभर."

"कसे होते?"

"काळे. तुझ्यासारखे मोठे."

धाकटी तिच्या तोंडाकडे बघत होती. एकेक अक्षर तपासावं तसं बघत होती. 

"तू खोटं बोलत नाहीस," ती म्हणाली.

"नाही," मावशी म्हणाली, आणि पुढे होऊन तिने बहिणीचा हात धरला.